आधी दम की आधी ताकद?

हल्ली टिळकवाडीपासून शहापूरपर्यंत गल्लोगल्ली जिम निघाल्या आहेत. कॉलेजातली मुले विचारतात, "सर, आधी ट्रेडमिल की आधी वजने?" स्टाफरूममध्येही हाच प्रश्न येतो, फक्त विचारणाऱ्याचे पोट थोडे पुढे आलेले असते. एक ट्रेनर सांगतो, आधी पळा, घाम निघू द्या. दुसरा सांगतो, आधी वजने उचला. दोघेही ठामपणे सांगतात. का, ते मात्र कुणी सांगत नाही.

पळणे, सायकल, दोरीच्या उड्या यांनी हृदय-फुप्फुसांचा कस लागतो. त्याला आपण दम म्हणू. वजने, जोर, बैठका यांनी स्नायूंची ताकद वाढते. दोन्ही व्यायामांत स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, खर्च होते आणि थकतात तेच पाय. अर्धा तास जोरात पळून वजन घेऊन बैठका मारायला गेलात, तर रोजचे वजन झेपत नाही. मग कंबर वाकते आणि पाठ धरते. म्हणून साधा नियम असा, की ज्यासाठी जिमला जाता ते आधी, अंगात ताजेपणा असताना करा.

आपल्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. भरतीची तयारी करणारी कितीतरी मुले पहाटे रस्त्यावर दिसतात. त्यांना १.६ किलोमीटरची धाव ठरलेल्या वेळेत काढायची असते. त्यांनी आधी धावावे, हे उघड आहे. ज्याला दंड-छाती कमवायची आहे, त्याने वजने आधी घ्यावीत.

दोन्ही एकदम केले तर ताकद वाढतच नाही, असेही कानावर येते. त्याचे मूळ अमेरिकेतील रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० सालच्या अभ्यासात आहे. त्यातील एका गटाने १० आठवडे वजने आणि दमाचा व्यायाम दोन्ही केले. सातव्या-आठव्या आठवड्यानंतर त्यांच्या पायांची ताकद वाढायची थांबली. पण ती माणसे आठवड्यात ५ दिवस वजने घेत होती आणि ६ दिवस दमाचा कठीण व्यायाम करत होती. आठवड्यात तीन दिवस जिमला जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती धास्ती घ्यायचे कारण नाही.

वजन उतरवणाऱ्यांसाठी तर क्रमाने फारसा फरक पडत नाही. एकूण व्यायाम किती झाला आणि ताटात काय पडले, यावर ते ठरते.

मग चाळिशी-पन्नाशीच्या आपण मंडळींनी काय करावे? व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते. चालणे चांगलेच, पण नुसत्या चालण्याने ताकद टिकत नाही. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि मग एक दिवस पंगतीतून उठताना शेजाऱ्याचा खांदा धरावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम सांगितला. त्याबरोबर किमान दोन दिवस ताकदीचा व्यायामही सांगितला. आपण पहिले वाचतो आणि दुसरे सोडून देतो. वेळ कमी पडला की जे शेवटी ठेवलेले असते तेच राहून जाते. म्हणून या वयात वजने आधी घ्यावीत, चालणे नंतरही होते.

महिलांनीही यातून अंग काढू नये. डंबेल्स उचलल्याने बाई पुरुषी दिसू लागते, ही भीती निराधार आहे. जिमला जाणे जमत नसेल, तर खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे आणि भिंतीला हात लावून जोर काढणे, एवढे घरीही होते.

सुरुवातीची ५ ते १० मिनिटे हलके चालून अंग गरम करावे. तो कार्डिओ नव्हे, ती तयारी. मग २५ मिनिटे वजने आणि शेवटी २० मिनिटे झपाझप चालणे किंवा सायकल. वजन उचलताना श्वास कोंडू नये. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनीही डॉक्टरांशी क्रमाबद्दल बोलावे. टाइप १ मधुमेहींवरील कॅनडातील २०१२ च्या एका अभ्यासात, वजने आधी घेतल्यास व्यायाम चालू असताना रक्तातील साखर कमी घसरते असे दिसले.

एवढे करूनही ट्रेनर क्रम बदलायला सांगेल, तर त्याला कारण विचारा. कारण पटले तर खुशाल बदला. मात्र दोहोंपैकी एकही सोडू नका.