टॅबचा कॅमेरा कोणाच्या हातात?

आपल्या वस्त्यांमधल्या मुलांकडे आता टॅब येऊ लागले आहेत. महाज्योतीने तर जेईई-नीटची तयारी करणाऱ्यांना ते मोफत दिले. चांगलेच झाले. पण त्या टॅबवर आपली मुले करतात काय? दुसऱ्याने शिकवलेले व्हिडिओ बघतात. म्हणजे फळा गेला, घोकंपट्टी राहिली. आमचे म्हणणे एवढेच आहे की त्या टॅबचा कॅमेरा विज्ञान शिकायला वापरा.

दहावीच्या विज्ञानात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. मुक्त पतनाचे सूत्र सगळ्यांना पाठ असते, पडणारी वस्तू मोजलेली कोणी नसते. भिंतीला मीटरपट्टी उभी चिकटवा. टॅब समोर पक्का टेकवून ठेवा. पट्टीच्या शून्यापासून चेंडू सोडा आणि व्हिडिओ काढा. बहुतेक कॅमेरे सेकंदाला 30 चित्रे घेतात. एकेक चित्र पुढे सरकवा. 3 चित्रांनंतर चेंडू सुमारे 5 सेंटीमीटर खाली दिसेल, 6 नंतर 20, 9 नंतर 44, 12 नंतर 78. वेळ दुप्पट, तर अंतर चौपट. वेळ तिप्पट, तर अंतर नऊपट. आकडे थोडे इकडेतिकडे होतील. का झाले, हे शोधणे हेही विज्ञानच.

ऐकीव आहे, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, असे बुद्धांनी कालामांना सांगितले. वैज्ञानिक दृष्टिकोन हे तर संविधानाच्या कलम 51 अ ने सांगितलेले कर्तव्य आहे. ते भाषणाने अंगी येत नाही, स्वतः मोजल्याने येते.

आता खरा प्रश्न. वर्गात एकच टॅब असेल, तर तो कोण धरणार? शाळेत बाबासाहेबांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले, पाण्याच्या नळाला हात लावायची मुभा नव्हती. कोणी हात लावायचा आणि कोणी लांबून बघायचे, हे ठरवणे म्हणजेच जात. आजही 'हुशार' दोघांनी प्रयोग करायचा आणि आपल्या मुलीने मागे उभे राहून वहीत उतरवायचे, असे होत असेल तर ते चालू देऊ नका. चेंडू सोडणे, चित्रण करणे, मोजणे यांची पाळी प्रत्येकाला मिळालीच पाहिजे.

आणि टॅब दिले म्हणजे प्रयोगशाळा नको, विज्ञान शिक्षक नको, ही पळवाट सरकारला देऊ नका. कॅमेरा पडणारा चेंडू दाखवेल, मुलाच्या शंकेला उत्तर देणार नाही.

कार्यकर्त्यांनो, येत्या रविवारी विहारात, अभ्यासिकेत हा प्रयोग करा. मग पालक सभेत उभे राहून विचारा: आमच्या मुलांनी या वर्षी स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले?

जय भीम!