नित्योपयोगी विज्ञान : नौकेवरील शौचकूप

विषयाचें नांव वाचून कांहीं वाचक नाक मुरडतील हें आम्ही जाणून आहों. परंतु चूल, कुलूप, घड्याळ आदिकरून नित्याच्या वस्तूंची चिकित्सा करणाऱ्या सदरांत या एकाच वस्तूस मज्जाव करावा, असें कांहीं सबळ कारण दिसत नाहीं.

निमित्त घडलें तें असें. आमचा भाचा नोकरीच्या निमित्तानें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो. त्यानें व त्याच्या दोन मित्रांनीं मिळून तीस फूट लांबीची एक जुनी शिडाची नौका विकत घेतली आहे. रजेवर तो पुण्यास आला असतां जेवणानंतर सर्वांनीं त्याला समुद्रांतील गोष्टी विचारल्या. वादळाच्या, लाटांच्या कथा ऐकावयास मिळतील अशी आमची अपेक्षा होती. तो म्हणाला, "मामा, खरी भीति वाटली ती एकदांच, तीहि नौका धक्क्याला बांधलेली असतांना, अगदीं शांत पाण्यांत. पहांटे उठून पाय खालीं ठेवला, तों घोटाभर पाणी!" तें पाणी शौचकूपाच्या वाटेनें आंत आलें होतें.

हें कसें झालें, तें समजण्यास घरचें शौचकूप आणि नौकेवरचें शौचकूप यांतील भेद ध्यानांत घ्यावा. घरीं पाण्याची टांकी उंचावर असते आणि मैला वाहून नेणारी नळी खालीं असते. काम सर्व गुरुत्वाकर्षण करतें. लहान नौकेंत भांडें पुष्कळदां समुद्राच्या पातळीच्या जवळ किंवा तिच्याहूनहि खालीं बसविलेलें असतें. त्यामुळें पाणी आंत आणणें व मैला बाहेर लोटणें, हीं दोन्ही कामें हातपंपानें करावीं लागतात. पंपाचा दांडा वरखालीं केला म्हणजे आंतील दट्ट्या एका बाजूनें समुद्राचें पाणी ओढून भांड्यांत सोडतो आणि दुसऱ्या बाजूनें भांड्यांतील मैला रेटून बाहेर घालवितो. भांडें धुवून झाल्यावर एक लहान खिटी फिरवून आंत येणारें पाणी बंद करावयाचें आणि आणखी कांहीं हात मारून भांडें कोरडें करावयाचें, अशी रीति आहे. या दोन नळ्यांसाठीं नौकेच्या बुडाला दोन भोंकें पाडलेलीं असतात. दोहोंच्या तोंडाशीं एकेक तोटी असते. ही तोटी उघडी असली कीं समुद्र आणि आपण यांच्यामध्यें कांहीं रबरी झडपांवांचून दुसरें कांहीं नसतें!

म्हणून नळी प्रथम समुद्राच्या पातळीच्या बरीच वर नेऊन, कमान करून, मग खालीं आणतात. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. डब्यांतील घासलेट नळीनें काढतांना एकदां नळी भरली कीं तेल आपोआप वर चढून खालीं उतरतें, हें आपण पाहिलेलें आहे. हीच वक्रनलिका. नळी पूर्ण भरलेली राहिली तर समुद्रहि तसाच कमानीवरून चढून नौकेंत उतरूं लागतो. तो उतरूं नये म्हणून कमानीच्या माथ्यावर हवा आंत घेणारी एक चिमुकली झडप असते. हवा शिरली कीं धार तुटते. भाच्याच्या नौकेवर ही झडप मिठानें बुजून गेली होती, रात्रीं खिटी फिरवावयाची राहिली होती, आणि तोटी उघडीच होती. तीन लहान चुका एकत्र आल्या आणि समुद्र घरांत आला.

मोठ्या नौकाहि यांतून सुटलेल्या नाहींत. १९४५ सालच्या एप्रिलमध्यें 'यू-१२०६' ही जर्मन पाणबुडी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ बुडाली. खोल पाण्यांत वापरण्याजोगें नव्या तऱ्हेचें शौचकूप तिच्यावर होतें. त्याच्या वापरांत कांहीं चूक होऊन समुद्राचें पाणी आंत शिरलें, असें सांगतात. खारें पाणी विजेच्या बॅटऱ्यांवर पडून विषारी क्लोरीन वायु सुटला, पाणबुडीस वर येणें भाग पडलें आणि शत्रूच्या विमानांनीं तिला गांठलें. शेवटीं खलाशांनीं ती आपल्याच हातांनीं बुडविली. कांहींचे प्राणहि गेले.

आतां निगा कशी राखावी तें पाहूं. पहिला नियम असा कीं, जें पोटांतून आलें नाहीं तें या भांड्यांत जाऊं नये. फार तर थोडासा पातळ कागद. चिंधी, कापूस, केंस यांनीं पंप हटकून तुंबतो. दुसरें, बाहेर जाणाऱ्या वाटेवर बदकाच्या चोंचीसारखी एक रबरी झडप असते. तिचे ओठ कालांतरानें मिटेनासे होतात. रिकामें केलेलें भांडें थोड्या वेळानें पुन्हा भरूं लागलें, तर ही झडप निकामी झाली असें समजावें. वस्तु स्वस्त आहे. ती वर्षाकाठीं बदलावी हें उत्तम.

तिसरी गोष्ट क्षारांची. समुद्राचें पाणी आणि मूत्र यांच्या संयोगानें नळीच्या आंत चुनखडीसारखा कठीण थर सांचतो. भाच्यानें जुनी नळी कापून पाहिली, तों दीड इंचाच्या नळीत जेमतेम अंगठा जाईल एवढी वाट उरली होती. मधून मधून शिरका ओतून रात्रभर राहूं दिल्यास हा थर जमत नाहीं. चौथी गोष्ट दुर्गंधाची. हा वास बहुधा मैल्याचा नसून नळीत कोंडलेल्या समुद्राच्या पाण्याचा असतो. त्यांतील सूक्ष्म जीव मरून कुजतात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायु सुटतो. म्हणून नौका सोडण्यापूर्वीं शेवटचें धुणें गोड्या पाण्याचें असावें. दट्ट्यास सिलिकोनचें वंगण द्यावें. खनिज तेलानें कांहीं जातींचें रबर फुगतें.

दट्ट्याची दांडी जेथून बाहेर येते तेथून पाणी झिरपूं लागलें आणि वॉशर बदलूनहि थांबेना, म्हणजे सबंध पंपच नवा बसविणें सोयीचें. आधीं दोन्ही तोट्या बंद कराव्या. घट्ट बसलेली नळी ओढूं नये. ऊन पाण्यानें शेकली असतां ती सुटते. प्रत्येक सांध्यास न गंजणाऱ्या पोलादाचे दोन पट्टे आवळावे. मग तोटी उघडून सांध्याखालीं कोरडा कागद धरावा. एक थेंबहि त्यावर दिसतो.

तोटी मात्र नौका पाण्याबाहेर काढल्याशिवाय बदलतां येत नाहीं. ती घेतांना गृहिणींचें ज्ञान उपयोगी पडेल. पितळेंत तांबें व जस्त असतें, कांशांत तांबें व कथील. खाऱ्या पाण्यांत पितळेंतील जस्त निघून जातें आणि मागें गुलाबी, ठिसूळ तांबें उरतें. अशी तोटी एखाद्या दिवशीं हातांत तुटून येते. म्हणून तोटी कांशाची असावी, आणि शेजारीं मऊ लांकडाचें एक निमुळतें बूच दोरीनें बांधून ठेवावें. तोटी तुटलीच तर तेंच भोंकांत ठोकावयाचें.

हें सर्व ऐकून आमच्या ताईनें विचारलें, "अरे, पण हें काम करायला तिकडे कोणी माणूस मिळत नाहीं का?" भाचा शांतपणें म्हणाला, "आई, भर समुद्रांत आम्ही तिघेच असतों. माणूस कोठून आणूं?" त्यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत मैला साफ करण्याचें काम आपणांस मिळावें म्हणून आप्पासाहेब पटवर्धनांनीं आग्रह धरिला होता, आणि येरवड्यास असलेल्या गांधीजींनीं त्यांच्यासाठीं उपवास केला होता, याची आम्हांस आठवण झाली. आपल्या घरांतून हें काम पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांवर टाकलें गेलें, म्हणूनच त्या विषयाची आपणांस एवढी किळस. नौकेवर अशी सोय नाहीं. तेथें जो वापरतो तोच साफ करतो, आणि जो हयगय करतो तो सर्वांसह बुडतो.

भाचा परत निघाला त्या दिवशीं त्याच्या पेटींत लोणच्याच्या बरणीशेजारीं कागदांत गुंडाळलेलीं दोन लांकडी बुचें दिसलीं. ताईनें तीं आदल्या दिवशीं कोपऱ्यावरच्या सुताराकडून करवून आणलीं होतीं.