काय फवारलं होतं?

ऑगस्ट-सप्टेंबरात नांदेड-लातूरच्या दवाखान्यांत माणसे येतात ती अशा तक्रारी घेऊन : मांस फडफडते, पोटऱ्यांत गोळे येतात, हातात बळ राहिले नाही. केस पेपरवर नाव, वय, गाव लिहिले जाते. व्यवसाय : मजुरी. मग सलाइन, ताकदीचे इंजेक्शन, आणि उतार पडला नाही तर मोठ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी. मजुरी कसली होती, पाठीवर पंप होता का, पंपात काय होते, हे त्या रकान्यात येतच नाही.

कापूस, सोयाबीन, तुरीवर प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, क्विनालफॉस मारतात. ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली विषे. शरीरातले कोलिनएस्टरेज नावाचे विकर त्यांच्यामुळे निकामी होते. नसेकडून स्नायूला गेलेला इशारा मग थांबतच नाही. स्नायू आधी थरथरत राहतो, नंतर लुळा पडतो. त्यासाठी विष पोटात जावे लागत नाही. गळक्या पंपाने भिजलेली पाठही पुरते.

दरदरून घाम, लाळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या घेऊन आलेला रुग्ण डॉक्टर लगेच ओळखतात. चूक होते ती पुढे. उलट्या थांबतात, माणूस घरी जातो, आणि एक ते चार दिवसांत त्याला उशीवरून मान उचलता येत नाही. ही खूण ज्याला कळली नाही, त्याच्या हातून रुग्णाचा श्वास जाऊ शकतो. काही औषधांची बाधा जबर असेल तर आणखी उशिरा, दोन-तीन आठवड्यांनी, पोटऱ्या दुखू लागतात आणि पाऊल लुळे पडते. तोवर फवारणीचा विषय घरातूनही गेलेला असतो. देगलूर-उदगीरकडचा माणूस मग हैदराबाद गाठतो, एमआरआय काढतो, कर्ज करतो.

किनवट-माहूरच्या शिवेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, 2017 साली फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचा जीव घेतला. शेकडो जण रुग्णालयात होते. रक्तातले कोलिनएस्टरेज मोजण्याची सोय तेव्हा तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नव्हती. ही साधी रक्तचाचणी आहे. फवारणीच्या हंगामात ती नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय रुग्णालयात आणि लातुरात त्याच दिवशी मिळाली पाहिजे, तालुक्याच्या रुग्णालयातूनही नमुना पाठवता आला पाहिजे.

प्रत्येक फडफड विषाचीच, असे नाही. पोटॅशियम कमी होते, थायरॉइड बिघडते, जीबीएस (गुलेन-बॅरे सिंड्रोम) होतो. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा यंत्रणेने घरोघर जाऊन पाणी कुठले पिता, हे विचारले. विहिरीचे आणि टँकरचे पाणीही तपासले गेले. पुण्याच्या रुग्णाला पाणी विचारता येते, तर हदगावच्या किंवा औशाच्या मजुराला फवारणी का विचारली जात नाही? या प्रश्नाला पैसे पडत नाहीत. केस पेपरवर दोन ओळी वाढवाव्या लागतील : महिनाभरात फवारणी केली का, आणि कशाची.

मजुराला नाव सांगता येणार नाही, ही अडचण खरी आहे. औषध मालकाने आणलेले असते, पुष्कळदा दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली असतात, आणि रिकामी बाटली बांधावर पडते. केंद्राने 2023 साली मोनोक्रोटोफॉसच्या 36 टक्के द्रावणावर बंदी आणली. पण मालकाच्या घरात त्याची जुनी बाटली शिल्लक असेल तर मजुराला ते कसे कळणार? नाव बाटलीवर असते, कृषी सेवा केंद्राच्या बिलावर असते, आणि ही दोन्ही मालकाकडे असतात. मजूर आजारी पडला की ती बाटली त्याच्याबरोबर दवाखान्यात पाठवणे हे मालकाचे काम आहे. बाटली सापडत नसेल तर बिलाचा फोटो डॉक्टरांच्या फोनवर गेला पाहिजे, त्याच दिवशी.