टेस्टिंग? होईल नंतर!

"टेस्टिंग काय, होईल नंतर. आधी रिलीज करू." परवाच्या मीटिंगमध्ये हे लाडकं वाक्य पुन्हा ऐकलं आणि मला डिंकिनेश आठवला.

डिंकिनेश म्हणजे मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला एक दगडी लघुग्रह. जेमतेम पाऊण किलोमीटरचा. नासाचं 'लूसी' यान २०२१ मध्ये निघालं ते गुरूच्या कक्षेतल्या ट्रोजन लघुग्रहांसाठी. हा दगड मूळ यादीत नव्हताच! जानेवारी २०२३ मध्ये तो घेतला, तो टेस्टिंगसाठी. सेकंदाला साडेचार किलोमीटर वेगाने शेजारून जाताना यान आपणहून लघुग्रह कॅमेऱ्यात धरून ठेवतं का, हे बघायचं होतं.

१ नोव्हेंबर २०२३ ला टेस्ट पास झाली. आणि फोटो बघतात तर काय, या एवढ्याशा दगडाला चक्क उपग्रह! तोही दोन गोळे एकमेकांना चिकटलेला. लघुग्रहाभोवती फिरणारी अशी जोडगोळी आधी कुणी पाहिलीच नव्हती. तिचं नाव सेलाम.

आता कुणीतरी म्हणेलच, "अरे, आपण काय यान उडवतोय का?" नाही उडवत. त्यांना यान परत बोलावता येत नाही, म्हणून ते आधी तपासतात. आपल्याला रात्री दोनला माणूस उठवता येतो, म्हणून आपण तपासत नाही. फरक एवढाच.

आणि तो रात्री दोनचा फोन "होईल नंतर" म्हणणाऱ्याला कधीच येत नाही. मला येतो.

असो. पुढच्या मीटिंगमध्ये सेलामचा फोटो घेऊन जाणार आहे.