नोकऱ्या दोन, मालक चार, जबाबदार कोणीच नाही

सकाळी कंत्राटदाराकडे हाउसकीपिंग आणि संध्याकाळी दोन अ‍ॅपवर डिलिव्हरी करणारे तरुण आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. आयाबहिणी चार घरची धुणीभांडी करतात. बारा-बारा तास राबूनही आजारपण आले की कर्ज काढावे लागते. याचे मूळ कायद्याच्या रचनेत आहे.

आपल्याकडे सामाजिक सुरक्षा माणसाला नव्हे, आस्थापनेला जोडलेली आहे. भविष्य निर्वाह निधीसाठी आस्थापनेत साधारणपणे 20 कामगार लागतात, ईएसआयसाठी 10. आठच माणसांच्या स्वतंत्र आस्थापनेला दोन्ही सक्तीचे नाहीत. चार घरे मिळून आठ तासांचे काम भरते, पण कायद्याच्या लेखी एकही घर आस्थापना नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अ‍ॅपवर काम करणाऱ्यांचा समावेश आहे. अ‍ॅप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम निधीत भरायची आहे. डिसेंबर 2025 च्या मसुदा नियमांत लाभासाठी एका कंपनीकडे वर्षात 90 दिवस किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून 120 दिवस काम, अशी अट ठेवली गेली. म्हणजे तुकड्यातुकड्याने केलेल्या कामाची बेरीज करता येते, हे सरकारलाही मान्य आहे. मात्र ही बेरीज अ‍ॅपपुरतीच. हाउसकीपिंगचे आणि घरकामाचे तास तिच्यात धरले जात नाहीत. शिवाय हा पैसा सामायिक निधीत जातो, कामगाराच्या पीएफ खात्यात नाही.

याला पर्याय महाराष्ट्रातच आहे. 1969 च्या माथाडी कायद्याने अनेक मालकांकडे काम करणाऱ्या हमालाची नोंदणी मंडळाकडे केली. मालक मजुरीवर लेव्ही भरतो आणि मंडळ त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी देते. मालक बदलला तरी खाते तेच राहते. घरेलू कामगारांसाठी 2008 मध्ये कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण घरमालकावर अशी लेव्ही बसवली नाही.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगाराच्या सुरक्षिततेची जबाबदारी शासनाने घ्यावी, ही त्यांची भूमिका आज पुढे न्यायची तर मागणी नेमकी हवी: काम कितीही ठिकाणी असो, प्रत्येक मालकाचा वाटा कामगाराच्या एकाच खात्यात जमा झाला पाहिजे.

तोवर विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर ई-श्रम नोंदणीचे टेबल लावा. सोबत कोण कुठे, किती तास काम करतो याची वस्तीची यादी करा. कामगार आयुक्तांकडे मागणी घेऊन जाताना ती यादी हातात असली पाहिजे.