अनपेक्षित लाभ

लठ्ठ माणसाची थट्टा करण्यास आपल्या समाजांत परवाना लागत नाहीं. लंगड्याला लंगडा म्हणणें असभ्यपणाचें आहे, आंधळ्याला आंधळा म्हणणें निर्दयपणाचें आहे, हें मुलांना आपण लहानपणींच शिकवितों. परंतु पंगतींत एखाद्या स्थूल गृहस्थाच्या पानाकडे पाहून कोणीं विनोद केला, तर तींच मुलें वडील मंडळींच्या बरोबरीनें हंसतात, आणि त्यांना कोणी दटावीत नाहीं. याचें कारण उघड आहे. लंगडेपणा दैवानें आला, पण लठ्ठपणा जिभेनें आणला, अशी आपणां सर्वांची पक्की समजूत आहे. दैवाला हंसूं नये, पण असंयमाला हंसण्यास हरकत नाहीं, असा हा न्याय.

हा न्याय कितपत खरा आहे, हें तपासून पाहण्यास आतां एक चांगलें निमित्त मिळालें आहे. अतिस्थौल्यावर शस्त्रक्रिया करून घेणारीं माणसें आपल्या मध्यम स्थितींतल्या कुटुंबांतहि आढळूं लागलीं आहेत. या शस्त्रक्रियेचें भय, तिचा खर्च आणि तिचें पथ्य यांविषयीं घरोघर पुष्कळ बोलणें होतें. पण ती झाल्यावर प्रकृति सावरत असतां रोग्याला जे अनपेक्षित लाभ होतात, त्यांविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. या महिन्यांत आम्ही त्यांचाच विचार करणार आहों. कारण त्यांतील एक लाभ असा आहे कीं, त्याचें मर्म रोग्यापेक्षां घरच्या माणसांनींच अधिक जाणून घ्यावें.

प्रथम ही शस्त्रक्रिया म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पोट कापून चरबी काढून टाकतात, असें कित्येकांस वाटतें. तें बरोबर नाहीं. चरबीला हात न लावतां अन्नाच्या मार्गांत फेरफार करितात. याचे दोन प्रकार विशेष रूढ आहेत. एकांत जठराचा सुमारें तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात, आणि बाकीच्या भागाची एक अरुंद नळी राहते. ती सदऱ्याच्या बाहीसारखी दिसते, म्हणून या प्रकाराला ‘स्लीव्ह’ असें नांव पडलें. दुसऱ्या प्रकारांत जठराच्या वरच्या टोकाशीं एक लहानशी पिशवी वेगळी करून ती लहान आंतड्याला पुढें नेऊन जोडतात. त्यामुळें अन्न जठराचा मोठा भाग आणि आंतड्याचा आरंभींचा भाग वगळून आडवाटेनें पुढें जातें. हा ‘गॅस्ट्रिक बायपास’ होय. याचा पाया अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत एडवर्ड मेसन व चिकाशी इतो या दोघांनीं १९६६ सालीं घातला. जठरांतील व्रणासाठीं ज्यांच्या जठराचा कांहीं भाग कापून काढावा लागे, तीं माणसें पुढें अंगानें भरत नाहींत, असें शल्यवैद्यांच्या नजरेस आलें होतें. त्याच अनुभवाचा हा उपयोग. आज ही क्रिया बहुधा दुर्बिणीच्या साह्यानें, पोटावर चारपांच लहान छिद्रें पाडून करितात, आणि रोगी थोड्याच दिवसांत घरीं येतो.

या शस्त्रक्रियेचें पहिलें मोठें नवल खुद्द वैद्यांनाच वाटलें. नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील ग्रीनव्हिल येथें वॉल्टर पोरिज व त्यांचे सहकारी बायपासची शस्त्रक्रिया करीत असत. १९९५ सालीं त्यांनीं ६०८ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकीं १४६ जणांस मधुमेह होता. त्यांतील १२१ जणांच्या रक्तांतील साखर शस्त्रक्रियेनंतर योग्य प्रमाणावर आली आणि पुढें तशीच राहिली. अधिक विस्मयाची गोष्ट अशी कीं, वजन उतरण्याची वाट न पाहतां थोड्या दिवसांतच साखर उतरूं लागे. लठ्ठपणावर उपचार करावयास गेले, आणि मधुमेह आधीं हटला! त्या निबंधाच्या शीर्षकाचा आरंभच मुळीं, ‘असें कोणाला वाटलें असतें?’ अशा अर्थाच्या प्रश्नानें केलेला आहे. पुढें याचा कांहींसा उलगडा झाला. अन्न आंतड्याच्या खालच्या भागांत लवकर पोंचल्यामुळें तेथून ‘जीएलपी-१’ नांवाचा अंतःस्राव अधिक प्रमाणांत सुटतो, आणि तो इन्सुलिनच्या कार्यास साह्य करितो. हल्लीं स्थौल्यावर जीं नवीं इंजेक्शनें निघालीं आहेत, तीं याच स्रावाचें अनुकरण करणारीं आहेत.

घरगुती नवलें याहून लहान, पण रोग्याला अधिक जिव्हाळ्याचीं असतात. बोटांत रुतून बसलेली अंगठी एके दिवशीं हात धुतांना आपोआप सरकते. जिना चढतांना मध्यें कठड्याला धरून उभें राहावें लागत नाहीं. पाटावर मांडी घालून बसतां येतें, आणि कोणाचा हात न धरतां उठतांहि येतें. गुडघ्यांना जो आराम पडतो त्याचें गणित तर ऐकण्यासारखें आहे. शरीराचें वजन १ किलो उतरलें म्हणजे चालतांना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारें ४ किलोंनीं कमी होतो. म्हणजे १० किलो उतरलेल्याचा गुडघा पावलोपावलीं ४० किलोंच्या ओझ्यांतून सुटला. झोपेंत श्वास अडून ज्याला वारंवार जाग येई, त्याला पुष्कळदां सलग झोंप लागूं लागते. घोरणें कमी झाल्यामुळें घरांतील इतरांनाहि ती लागते, हा लाभ वेगळाच. कित्येकांच्या जिभेची आवडहि पालटते. ज्या बासुंदीच्या वाटीसाठीं पूर्वीं जीव टाकावा, ती नकोशी होण्याइतकी गोड वाटते, आणि जिऱ्याची फोडणी दिलेल्या साध्या वरणाला रुचि येते.

परंतु या सर्वांहून मोठें नवल निराळेंच आहे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील थोरल्या सूनबाईंनीं तीन वर्षांपूर्वीं ही शस्त्रक्रिया करून घेतली. बाई सुशिक्षित आणि कामसू. दहाबारा माणसांचें घर सांभाळून नोकरीहि करणाऱ्या. वीस वर्षांत त्यांनीं नाना पथ्यें केलीं. दरवेळीं वजन उतरे आणि वर्षाच्या आंत पुन्हां चढे. दुपारीं फडताळाचें दार वाजलें कीं, सासूबाई माजघरांतून विचारीत, “कोण गं तें?” प्रश्न साधाच, पण त्याचा अर्थ सगळ्या घराला ठाऊक होता. शस्त्रक्रियेनंतर दीड महिन्यानें आम्ही समाचारास गेलों, तेव्हां वजनाची चौकशी कोणी करण्यापूर्वींच सूनबाई म्हणाल्या, “काका, वजनाचें राहूं द्या. बाकीचीं माणसें जेवण झाल्यावर पानावरून कशीं उठतात, तें मला जन्मांत पहिल्यानें कळलें. इतकीं वर्षें डोक्यांत कोणी तरी सारखें खाण्याविषयींच बोलत असे. तें बोलणें थांबलें.”

सासूबाई जवळच वाती वळीत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, “म्हणजे तुला तेव्हां खरोखरच भूक लागत होती?”

“हो, आई.”

“आणि मी तुला फडताळावरून बोलत होतें.”

यावर सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं सासूबाईंच्या पुढचें कापसाचें तबक आपल्याकडे ओढलें आणि त्याहि वाती वळूं लागल्या.

जें बोलणें थांबलें असें त्या बाई म्हणाल्या, त्यांतील एका बोलणाऱ्याचा पत्ता विज्ञानानें लावलेला आहे. १९९९ सालीं जपानांत मासायासु कोजिमा, केंजी कांगावा व त्यांचे सहकारी यांनीं ‘घ्रेलिन’ नांवाचा अंतःस्राव शोधून काढला. हा मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागांत तयार होतो. जेवणापूर्वीं तो रक्तांत वाढतो, जेवणानंतर उतरतो, आणि मेंदूला भुकेची वर्दी देतो. आतां यांतील खोंच पाहा. माणसानें उपासतापास करून वजन उतरविलें कीं, हा स्राव कमी न होतां वाढतो. शरीराला वाटतें दुष्काळ पडला, आणि तें अन्नासाठीं अधिकच टाहो फोडतें. म्हणजे जो जितका निग्रह करील, त्याची भूक तितकी त्याच्यावर उलटेल! स्लीव्हच्या शस्त्रक्रियेंत घ्रेलिन निर्माण करणारा तो भागच बहुतांशीं काढला जातो, आणि ती वर्दी मंदावते. माणूस तोच, त्याचा निश्चयहि तोच. पालटली ती रक्तांतील द्रव्यें. त्यांच्या पालटण्यानें जर वीस वर्षांची हांव शमते, तर ती हांव शीलाचा दोष होती असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

आपल्या प्राचीन वैद्यकाची दृष्टीहि या बाबतींत आपल्यापेक्षां उदार होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूलाच्या आठ दोषांची गणना केली आहे. त्यांत अतिक्षुधा आणि अतितृषा हीं दोन आहेत. स्थौल्याच्या कारणांत अतिभोजन सांगितलें आहे, तसा बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृति, हेंहि कारण सांगितलें आहे. मेदानें मार्ग अडल्यामुळें वायु कोठ्यांतच फिरतो, अग्नि चेतवितो, आणि अन्न लवकर जिरून माणूस पुन्हां अन्न मागूं लागतो, अशी तेथें उपपत्ति दिली आहे. चरकाला घ्रेलिन ठाऊक होतें, असें म्हणण्याचा पोकळ अभिमान आम्ही बाळगीत नाहीं. परंतु लठ्ठाची भूक हा त्याच्या रोगाचाच एक भाग आहे, हें त्या वैद्यांनीं पाहिलें होतें, इतकें निश्चित.

मग मनुष्याच्या प्रयत्नाला कांहींच किंमत नाहीं काय? आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर ती वाढते. भुकेची ही शांति कायमची मिरास नव्हे. एकदोन वर्षांनीं भूक कांहीं अंशीं परत येते, आणि पुष्कळांचें उतरलेलें वजनहि थोडें परत चढतें. तोंवर मिळालेल्या अवकाशांत नव्या संवयी जडवून घ्यावयाच्या असतात. जीवनसत्त्वें, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. तिसऱ्याचौथ्या महिन्यांत केस गळतात. ते बहुधा पुन्हां येतात. टांक्यांतून पाझर होणें, रक्ताची गांठ होणें, असे धोकेहि आहेत. ते क्वचित् घडतात, पण घडतात. तेव्हां कोणीं ही शस्त्रक्रिया करावी, हें जाणत्या वैद्यानेंच ठरवावें. योग्य रोग्याला तिचा लाभ किती, याचें उत्तर स्वीडनमध्यें १९८७ सालीं सुरू झालेल्या एका मोठ्या पाहणीनें दिलें आहे. शस्त्रक्रिया केलेले २०१० आणि न केलेले २०३७ स्थूल रोगी यांची तुलना २००७ सालीं प्रसिद्ध झाली. सरासरी सुमारें ११ वर्षांच्या काळांत पहिल्या वर्गांत १०१ मृत्यु झाले, दुसऱ्यांत १२९.

आतां घरच्यांचें कर्तव्य. आपलें प्रेम वाढण्याच्या आग्रहांतून व्यक्त होतें, आणि या रोग्याच्या बाबतींत आग्रह हाच अपकार होतो. पहिले सुमारें दोन आठवडे ताक, दूध, वरणाचें पाणी असे पातळ पदार्थच चालतात; मग घोटलेलें, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनीं साधें जेवण. तेंहि वाटीभर, सावकाश चावून. पाणी जेवणाबरोबर नको. मधल्या वेळीं घोंट घोंट घ्यावें. पोटांत जागा थोडी, म्हणून ती भातानें न भरतां वरण, दही, पनीर, मोड आलेलीं कडधान्यें यांना प्रथम द्यावी. दिवसाकांठीं निदान ६० ग्रॅम प्रथिनें पोटांत जावयास पाहिजेत. त्या वर्षीं साबुदाण्याचे उपास मागें राहिले तर देव रागावणार नाहीं. प्रसादाला एक कण पुरतो, हें आपलें शास्त्रच आहे.

दोन प्रश्न मात्र अजीबात विचारूं नयेत. पहिला, “आज किती उतरलें?” तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास वजन कांहीं दिवस जागचें हलत नाहीं, तें स्वाभाविक असतें, पण रोज विचारणाऱ्यांमुळें रोगी मनानें खचतो. दुसरा प्रश्न तरुण सुनेला विचारला जातो. वजन उतरल्यानें कित्येकींचा मासिक धर्म नियमित होतो, आणि निराश झालेल्यांना अपत्याची आशा उत्पन्न होते; हाहि एक अनपेक्षित लाभच आहे. परंतु शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी, असा वैद्यांचा सल्ला असतो. तेवढा धीर घरांतील वडील बायकांनीं धरावा, आणि शेजारणींनाहि धरावयास लावावा.

शस्त्रक्रिया थोड्यांच्याच वांट्यास येईल. अनेकांना ती लागणार नाहीं, अनेकांना परवडणारहि नाहीं. पण तिनें जें दाखवून दिलें, तें समजून घेण्यास कोणाला कांहीं खर्च पडत नाहीं. ज्या घरांत एखादें स्थूल मूल, सून किंवा जांवई पानावर बसत असेल, तेथें आजच्या रात्रींपासून त्या पानाकडे पाहून होणारा विनोद बंद व्हावा, आणि मुलें हंसलीं तर त्यांना दटावणारें कोणी तरी वडील माणूस त्या पंगतींत असावें, एवढीच आमची वाचकांना विनंति आहे.