देखाव्याला धनी कोण?

सागरकिनाऱ्यावर वसलेल्या नगरांना देखाव्याच्या शोधात फारसे हिंडावे लागत नाही. मुंबईत मलबार टेकडी चढली की चौपाटीचा कमानदार किनारा नजरेत मावतो. रत्नागिरीत रत्नदुर्गाच्या टोकाशी उभे राहिले की समोर सागराशिवाय दुसरे काही उरत नाही. तेथे निसर्गाने सारे मांडून ठेवले आहे, माणसाने केवळ उभे राहण्याची जागा निवडायची. धाराशिव जिल्ह्याच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही. समुद्राशी या भूमीचा संबंध आला तो व्यापाराच्या निमित्ताने. आजचे तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे, असा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात आहे. माल समुद्रापर्यंत गेला, समुद्र काही येथवर आला नाही. म्हणून या जिल्ह्यात पाहण्याजोगे स्थळ असू शकते हेच पुष्कळांना, आणि त्यांत जिल्ह्यातील पुष्कळांनाही, पटत नाही. दुष्काळ, सोयाबीनचा भाव आणि तुळजाभवानीचे दर्शन यांपलीकडे जिल्ह्याचे नाव सहसा निघत नाही.

हा समज दुरुस्त करण्याची वेळ आता आली आहे, आणि तिला कारणही तसेच घडले आहे. मे २०२५ मध्ये चौंडी येथे भरलेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत तुळजाभवानी मंदिराच्या विकास आराखड्यासाठी १,८६५ कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता देण्यात आली. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव लोहमार्गाचे कामही हाती घेण्यात आले आहे. देवीच्या दर्शनाला येणारा यात्रेकरू एक दिवस अधिक राहावा, त्याने आसपासची स्थळे पाहावीत, अशी अपेक्षा अशा प्रत्येक आराखड्यामागे असतेच. तेव्हा या यात्रेकरूला कोठे उभे करायचे आणि काय दाखवायचे, हा प्रश्न आज ना उद्या पुढे येणार. तो कंत्राटदाराच्या नकाशावर सुटण्याआधी जिल्ह्याच्या विचारात सुटावा हे बरे.

उंचीचे तीन वारस

या जिल्ह्याची भूमी वरवर सपाट वाटत असली तरी तिला एक कणा आहे. बालाघाटची रांग जिल्ह्यातून जाते आणि पाण्याची वाटणी करते. तिच्या एका अंगाचे पाणी तेरणा-मांजरा यांच्या मार्गे गोदावरीला मिळते. दुसऱ्या अंगाचे सीना आणि बोरी यांच्या मार्गे भीमेला, म्हणजे अखेर कृष्णेला. एका टेकडीच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन निराळ्या महानद्यांकडे निघून जावा, ही गोष्ट डोळ्यांनी समजून घेता येते अशी स्थाने महाराष्ट्रात पुष्कळ असतील. पण ज्या जिल्ह्याचे सारे सुखदुःख पाण्यावर अवलंबून आहे, तेथे अशा माथ्याला निराळाच अर्थ प्राप्त होतो.

या उंचीचा शोध पर्यटकाने लावलेला नाही. तो देवाने, सैनिकाने आणि पाण्याने लावला. तुळजापूर बालाघाटाच्या कड्यावर आहे. सोलापूरकडून येणारा भाविक घाट चढून येतो आणि मग पायऱ्या उतरून देवीसमोर उभा राहतो. येरमाळ्याची येडेश्वरी डोंगरावर आहे. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्रही टेकडीवर आहे. आचार्य शांतिसागरांनी १९५५ मध्ये देह ठेवण्यासाठी हेच स्थान निवडले. धाराशिव शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवरील लेणी खोदणाऱ्यांनी दरीकडे तोंड केलेला कातळ पसंत केला. ही लेणी मुळात बौद्धांची की जैनांची, यावर विद्वानांत मतभेद झाले. परंतु तेथे उभ्या राहणाऱ्या कोणालाही जागेच्या निवडीबद्दल शंका येत नाही. ज्यांना जगापासून दूर जायचे होते त्यांनीही जग दिसेल अशीच जागा घेतली.

सैनिकाचा हेतू निराळा. नळदुर्गाचा उपळ्या बुरुज हे त्याचे ठळक उदाहरण होय. शंभराहून अधिक बुरुजांच्या या किल्ल्यात तो सर्वांत उंच. त्याच्या माथ्यावर तोफा आहेत आणि तेथून चहूकडचा मुलूख नजरेच्या टप्प्यात येतो. ज्याने हा बुरुज उभारला त्याला सूर्यास्त पाहायचा नव्हता. सोलापूर-हैदराबाद वाटेवरची धूळ पाहायची होती. त्याच वाटेने १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना हैदराबाद संस्थानात शिरली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आला. त्या दिवशीच्या लढाईत हवालदार बचित्तर सिंग यांना वीरमरण आले. शांतताकाळातील सर्वोच्च शौर्याचा सन्मान, जो पुढे अशोकचक्र या नावाने ओळखला गेला, तो मिळवणारे ते पहिले वीर. आज बुरुजावर चढणाऱ्या किती जणांना ही वाट दाखवली जाते?

आणि तिसरा वारस पाणी. बोरी नदीला किल्ल्याभोवती वळवून, मुख्य किल्ला आणि रणमंडळ यांच्यामध्ये बांध घालून, त्या बांधाच्या पोटात महाल बांधण्याची कल्पना दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास साकार झाली. वरच्या अंगाचे बोरी धरण भरून वाहू लागले की नर आणि मादी हे दोन प्रपात बांधावरून कोसळतात आणि पाणीमहालाच्या गवाक्षात उभा असलेला मनुष्य मात्र कोरडा राहतो. महालातील फार्सी शिलालेखातही पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा उल्लेख आहे. बांधणाऱ्याने येथे पाणी अडवण्याबरोबरच पाणी पाहण्याचीही सोय केली. सरकारी भाषेत ज्याला ‘दर्शनस्थळ’ म्हणतात ते या जिल्ह्यात चारशे वर्षांपूर्वी, धरणासकट, बांधून तयार होते.

चौथ्याचे आगमन

आता चौथा वारस आला आहे, आणि त्याच्या हातात भ्रमणध्वनी आहे. त्याला दोष देण्याचे कारण नाही. नर-मादी वाहू लागल्याची वार्ता पसरताच सोलापूर, लातूर आणि धाराशिव येथून जी गर्दी लोटते, तिच्यात हौसेइतकाच आनंदाचाही भाग असतो. शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी पुरवावे लागले, ते पाहिलेल्या मुलखात बांधावरून वाहणारे पाणी पाहायला जाणे ही चैन नव्हे, ती एक प्रकारची खात्री करून घेणे आहे. पण गर्दीला तिचे स्वतःचे नियम असतात. लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. मावळात कुंडमळा येथे १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरील जुना पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चौघांचे प्राण गेले. दोन्ही ठिकाणी माणसे पाणी पाहायलाच आली होती. अशा घटनेनंतर जमावबंदीचे फलक लागतात, पुढचा पावसाळा येईपर्यंत ते पुसटही होतात. बंदी हा व्यवस्थेचा पर्याय नव्हे; व्यवस्था नव्हती याची ती कबुली असते.

व्यवस्थेचे दोन मार्ग आजवर राज्याने अनुसरले आहेत. पहिला म्हणजे स्मारक दत्तक देण्याचा. राज्य संरक्षित स्मारकांसाठी आखलेल्या योजनेखाली नळदुर्ग किल्ला २०१४ मध्ये दहा वर्षांच्या करारावर एका खाजगी कंपनीकडे सोपवण्यात आला. वर्षानुवर्षे झाडोऱ्याने वेढलेल्या किल्ल्यात त्यानंतर स्वच्छता झाली, बागा फुलल्या, प्रवेशशुल्क आले, करमणुकीची साधनेही आली. गावकऱ्याला जो किल्ला कालपर्यंत मोकळा होता त्याच्या दारात तिकीट घ्यावे लागले, ही तक्रार खोटी नाही. परंतु मोकळा असताना त्याची दैना झाली होती, हेही तितकेच खरे. शुल्क आकारावे की नाही, एवढ्यावर वाद घुटमळत राहतो. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. गोळा झालेल्या पैशातील किती भाग ढासळत्या तटावर खर्ची पडतो आणि किती हिरवळीवर, याचा हिशेब तिकीट काढणाऱ्याला कोठे वाचायला मिळतो? हा हिशेब प्रवेशद्वारावर लावला, तर शुल्काविषयीची निम्मी कुरकुर आपोआप थांबेल.

दुसरा मार्ग म्हणजे ‘विकास’. त्याचे रूप आता सर्वत्र एकसारखे झाले आहे: फरसबंदी, पोलादी कठडा, रंगीत दिवे आणि गावाच्या नावाची पुरुषभर उंचीची अक्षरे. मलबार टेकडीवर मुंबई महापालिकेने मार्च २०२५ मध्ये झाडांमधून जाणारा ४८५ मीटरचा उन्नत निसर्गमार्ग खुला केला, तो लोकप्रियही झाला. तेथे झाडे होती आणि समुद्र होता. मार्गाने त्यांच्यात भर घालण्याचा आव आणला नाही. धाराशिवच्या लेण्यांसमोर किंवा येडशीच्या रामलिंगाच्या दरीत असे काही नेऊन बसवण्याचा मोह कोणाला होऊ नये. रामलिंगाचा परिसर १९९७ पासून अभयारण्य आहे आणि त्याचा विस्तार अवघा २२ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्याशा रानात दिवे आणि ध्वनिवर्धक गेले, तर पाहण्यासाठी तेथे केवळ पाहणारेच उरतील.

जागा नव्हे, दृष्टी

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ज्या जागेवर उभे राहायचे ती जागा म्हणजे देखावा नव्हे. देखावा तेथून दिसणाऱ्या मुलखात असतो. कठडा बांधून जागा राखता येते, पण समोरचा डोंगर मुरुमासाठी पोखरला जात असेल तर त्या कठड्याचा उपयोग काय? हे तत्त्व मुंबईने फार पूर्वी ओळखले होते. कमला नेहरू उद्यानातून दिसणारा किनारा झाकला जाऊ नये, म्हणून खालच्या भागातील इमारतींच्या उंचीवर विकास नियंत्रण नियमावलीत मर्यादा घालण्यात आली होती. लंडनमध्ये सेंट पॉलच्या घुमटाकडे जाणारी नजर अडू नये याची काळजी १९३० च्या दशकापासून घेतली जाते. इमारत उंच करणाऱ्याचा हक्क आणि शेकडो अनोळखी माणसांचा पाहण्याचा हक्क यांत तोल साधता येतो, एवढे या उदाहरणांवरून दिसते.

बालाघाटावर इमारतींचा प्रश्न नाही. खाणींचा आणि पवनचक्क्यांचा आहे. महामार्ग आणि घरकुले यांना खडी-मुरुम लागणारच. पवनचक्क्यांना तर केवळ देखाव्यासाठी विरोध करणे हे शहरी चोचले ठरेल; ज्या पठारावर काही पिकत नाही तेथे वारा पिकत असेल, तर त्याचा मोबदला शेतकऱ्याच्या पदरात पडलाच पाहिजे. त्याला योग्य दर मिळतो की दंडेलीने ताबा घेतला जातो, हा प्रश्न क्षितिजाच्या सौंदर्यापेक्षा मोठा आहे. परंतु दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. डोंगरमाथा ही कोणाचीच नसलेली, म्हणून कोणीही घ्यावी अशी वस्तू आहे, ही समजूत त्यामागे आहे. ती मोडली तर शेतकऱ्याचाही हक्क सांगता येईल आणि पाहणाऱ्याचाही.

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. जिल्हा नियोजन समिती ही घटनेने निर्माण केलेली संस्था आहे. तिने जिल्ह्यातील दहा-पंधरा दर्शनस्थळांची एक यादी ग्रामपंचायतींच्या संमतीने सिद्ध करावी: उपळ्या बुरुज, तुळजापूरचा घाटमाथा, लेण्यांची दरी, येडेश्वरीचा डोंगर, कुंथलगिरी, शहरालगतची हातलाई टेकडी, परांड्याचे बुरुज. प्रत्येक नोंदीत चारच गोष्टी असाव्यात: कोठून पाहावे, कोणत्या दिशेला, कोणत्या ऋतूत, आणि त्या दिशेला काय होऊ देऊ नये. खाणपट्टा किंवा प्रकल्प मंजूर करताना महसूल खात्याने ती यादी समोर ठेवावी. स्थळावर पाऊलवाट, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, धोक्याच्या काठावर भक्कम कठडा आणि समोर काय दिसते हे सांगणारा एक दगडी फलक, इतके पुरेसे आहे. पावसाळ्यात नळदुर्गाच्या बांधावर एका वेळी किती माणसे जाऊ द्यायची, हा आकडा गर्दी जमल्यावर नव्हे, जून उजाडण्यापूर्वी ठरावा. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांसाठी अशी मर्यादा घालता आली; माणसांच्या जिवासाठी ती घालणे अवघड नसावे.

पर्यटनाने जिल्ह्याचे दारिद्र्य फिटेल, असा भ्रम कोणी बाळगू नये. चहाची दोन दुकाने आणि काही तरुणांना वाटाड्याचे काम, इतपतच प्राप्ती प्रारंभी होईल. मोठी प्राप्ती निराळी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये परांडा आणि भूम तालुक्यांत सीनेच्या व तिच्या उपनद्यांच्या पुराने पिके बुडाली, जमिनी खरवडून निघाल्या. एरवी टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखाने तेव्हा पाण्यापासून जीव वाचवण्यासाठी बोटींची वाट पाहिली. हे पाणी कोठे पडते, कोणत्या उतारावरून येते, ओढे कोठे बुजले, माथ्यावरचे गवत आणि झाडी गेल्याने त्याचा वेग किती वाढला, हे नकाशावर समजावून देणे कठीण असते. बालाघाटाच्या माथ्यावर उभे राहून दाखवणे सोपे असते. जिल्ह्यातील प्रत्येक शाळेतील मूल वर्षातून एकदा, विनामूल्य, अशा एखाद्या माथ्यावर नेले गेले आणि आपल्या गावाचे पाणी कोठून येते व कोठे जाते हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले, तर त्या सहलीची किंमत कोणत्याही तिकिटात मोजता येणार नाही.

समुद्र पाहणाऱ्याला त्याच्याविषयी काही करावे लागत नाही. त्याने पाहावे आणि परतावे. बालाघाटावरून जे दिसते ते मात्र पाहणाऱ्याचे स्वतःचे शेत, स्वतःचा ओढा आणि स्वतःचे गाव असते. २०२३ मध्ये या जिल्ह्याला त्याचे जुने नाव परत मिळाले. त्याची भूमी त्याच्या नजरेसमोर राखणे हे त्यानंतरचे आणि अधिक कष्टाचे काम आहे. ते कोणा कंत्राटदारावर सोपवता येण्याजोगे नाही.